कामाचं बोला: आधी त्या खुर्चीत बसून बघा

या महिन्यात पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा सूर एकच, माणसं नीट काम करत नाहीत. मालक तेच म्हणतायत, मॅनेजर तेच म्हणतायत, आणि एका ताईंनी तर स्वतःचीच तक्रार केलीय की माझंच हल्ली काम होत नाही, मी आळशी झालेय का. मी २८ वर्षं पर्सोनेलमध्ये काढली, एचआर हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. आळशी माणसं बघितली नाहीत असं नाही, पण केबिनमध्ये बसून जेवढी दिसतात तेवढी खाली फ्लोअरवर सापडत नाहीत हा माझा अनुभव. तर घ्या, सहा पत्रं निवडलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. गोरेगाव पूर्वेला इस्टेटमध्ये माझा गाळा आहे, सगळ्यात वरचा मजला, ८०० स्क्वेअर फूट, कुर्ती आणि शाळेचे युनिफॉर्म शिवतो. २२ कारागीर आहेत, त्यात ९ बायका. मार्चपासून बघतोय, दुपारी तीननंतर काम एकदम ढेपाळतं. सकाळी जो तासाला १२ पीस काढतो तोच चार वाजता ८ वर येतो आणि अल्टरचे, म्हणजे दुरुस्तीला परत येणारे, पीस वाढतात ते वेगळंच. युनिफॉर्मचा सीझन आहे, पार्टी डोक्यावर बसलीय. रेट वाढवून बघितला, दोन दिवस फरक पडला मग परत तेच. मग अल्टरमागे दंड लावला तर आता दोघं सोडून जायच्या गोष्टी करतायत. माणसं माजलीत का? गाळ्याचा व्हिडिओ पाठवलाय. – गाळेमालक, गोरेगाव

उत्तर: दादा, व्हिडिओ पाठवलात ते फार बरं केलंत, नाहीतर मी पण तुम्हाला इन्सेंटिव्ह बिन्सेंटिव्ह सांगत बसले असते. तीनदा बघितला. तुम्ही फक्त माणसं दाखवताय, मी मात्र वर बघत होते. डोक्यावर पत्रा आहे, खाली सीलिंग नाही, आणि पश्चिमेची भिंत अख्खी उन्हात. पत्रा सकाळी तापायला लागतो आणि त्याची धग तीनच्या सुमाराला पूर्ण खाली उतरते, म्हणजे तुमची माणसं बरोबर पत्र्याच्या टायमाला ढेपाळतायत, माजलेली माणसं एवढी टाइम पाळत नाहीत हो.

दुसरं, वाफेच्या इस्त्रीची दोन टेबलं ओव्हरलॉकच्या ओळीला अगदी खेटून आहेत. मुंबईचा पारा ३४ च्या पुढे फारसा जात नाही म्हणून आपण नागपूरकरांपुढे मिरवतो, पण इथे हवेतच इतकं पाणी की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? त्यात तुम्ही आणखी वाफ सोडताय. प्रेसच्या शेजारी जी निळ्या कुर्त्यातली ताई बसलीय ती दर दोन मिनिटांनी मनगट पुसतेय, बघितलंत का? ओला हात कापडाला लागू नये म्हणून. प्रत्येक पीसमागे तेवढा वेळ गेला की नाही मग.

आणि तो एक्झॉस्ट फॅन. फॅन जोरात चालू आहे पण त्याच्या बाजूचीच खिडकी उघडी आणि समोरच्या खिडक्या कापडाच्या रोलच्या थप्पीनं बंद. फॅन काय करतोय, शेजारच्या खिडकीतून हवा घेतोय आणि तीच बाहेर फेकतोय, आतली वाफ आहे तिथेच. खोटं वाटत असेल तर प्रेसच्या टेबलावर एक अगरबत्ती लावा आणि धूर कुठे जातो बघत उभे राहा. फॅनजवळची खिडकी बंद करायची, समोरची मोकळी करायची, प्रेसची टेबलं उचलून फॅनखाली न्यायची. हे रविवारी एका दिवसात होतं, खर्च फक्त हमालीचा.

थप्प्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते, १९४८ च्या कारखाना कायद्यात माणशी १४.२ घनमीटर जागा सांगितली होती. तुमचे ८०० फूट आणि छत बारा फूट धरलं तर २२ जणांत माणशी साडेबाराच्या आतच येते, आणि त्यातून रोल, कार्टन, शिवलेल्या मालाचे गठ्ठे वजा करायचेत अजून. माल खाली गोडाऊनला हलवा, नाहीतर दोन पाळ्या करा.

ट्यूबलाइट मोजल्या मी, २४ दिसतायत, जुन्या चोकवाल्या. एक ट्यूब ४० वॉट, चोक आणखी दहा-बारा, म्हणजे सगळ्या मिळून साडेबाराशे वॉटच्या आसपास, आणि ही सगळी वीज शेवटी गाळ्यात उष्णताच होऊन राहते. २० वॉटच्या एलईडी लावल्या तर ४८० वॉट. फरक किती पडला, एक इस्त्री दिवसभर त्या खोलीत चालू ठेवून विसरल्याएवढा. बेंगळुरूच्या कपड्याच्या कारखान्यांत हे झालंय, तिथे लाइट बिल वाचावं म्हणून एलईडी लावल्या आणि नंतर अभ्यासकांच्या लक्षात आलं की गरम दिवसांत शिवणाच्या लाइनींचं कामही सुधारलं. आणि देशभरातल्या कारखान्यांचे आकडे तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास छापून आला त्यात गरम वर्षी उत्पादन डिग्रीमागे साधारण दोन टक्क्यांनी घटतं असं निघालं. तुमचे कारागीर त्याला अपवाद कशाला असतील.

अल्टर का वाढतात त्याचं अर्धं उत्तर युनिफॉर्ममध्येच आहे. नेव्ही ब्लू कापड, नेव्ही ब्लू धागा, आणि मशीनचे सुईजवळचे छोटे लाइट निम्मे बंद. टाका सुटला तर दिसणार कसा? ते लाइट उद्याच्या उद्या बदला, आणि गडद रंगाचा माल सकाळी घ्या, फिके शर्ट दुपारी. कटिंग मास्तरांना विचारून लॉट तसे लावता येतात, थोडी कटकट आहे पण येतात.

आता एक नाजूक गोष्ट. पिण्याच्या पाण्याचा जार व्हिडिओत भरलेला दिसतोय, चार वाजले तरी. एवढ्या उकाड्यात २२ माणसांचा जार भरलेला राहतोच कसा? मी पैज लावते की बायका पाणी पीत नाहीत, कारण टॉयलेट मजल्यावरचं कॉमन असणार आणि चावी वॉचमनकडे असणार. इस्टेटमध्ये मी हे इतक्या वेळा बघितलंय. दर वेळी चावी मागायची, परत द्यायची, त्यात आतली कडी धड नाही, मग बाई सकाळी घरून निघतानाच ठरवून टाकते की दिवसभर पाणी प्यायचं नाही. तिचं डोकं दुपारी दुखायला लागतं आणि तुम्हाला वाटतं ती काम टाळतेय. तुम्ही स्वतः नका विचारू, तुम्हाला सांगायच्या नाहीत, वहिनींना एक दिवस गाळ्यावर घेऊन या आणि त्यांना बायकांबरोबर डबा खायला बसवा. चावीची एक डुप्लिकेट बायकांकडे राहू द्या, कडी बदला, आणि साडेतीनला दहा मिनिटं मशीन बंद करून मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत सगळ्यांना.

दंड आजच बंद करा. एक तर कायद्याचं, १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय की दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर नेता येत नाही, कशाकशाला दंड लागेल त्याची आधी यादी लावावी लागते, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, मनाला आलं आणि कापलं असं नसतं. आणि व्यवहाराचं म्हणाल तर दंड लागला की कारागीर खराब पीस गठ्ठ्याच्या मधोमध सरकवतो, तो तुमच्याकडे अल्टरला न येता थेट पार्टीकडे जातो. अमेरिकेत डेमिंग नावाचे क्वालिटीचे एक जाणकार होते, ते एक खेळ करून दाखवायचे. डब्यात ३२०० पांढरे मणी आणि ८०० लाल, त्यात ५० खड्ड्यांची फळी बुडवायची आणि फक्त पांढरे मणी काढून दाखवायचे. लाल येणारच ना, डब्यातच आहेत. पण ते माणसांना ओरडायचे, कुणाला शाबासकी द्यायचे, कुणाला काढून टाकायचे, आणि लोक हसता हसता गप्प व्हायचे. तुमच्या डब्यात पत्रा, वाफ आणि बंद लाइट आहेत. ते काढा, मग जो तरीही चुकेल त्याच्याशी बोलू.

पावसाळ्याआधी पत्र्यावर पांढरा कूल रूफचा रंग मारून घ्या, आणि पंधरा दिवसांनी तासाचे पीस मला कळवा, सकाळचे आणि चारचे वेगवेगळे लिहा.

प्रश्न: ताई, मी अंधेरीला क्लेम प्रोसेसिंगचं काम करते. आमच्याकडे एसी १८ वर असतो आणि माझी सीट बरोबर त्याच्या खाली. मी शाल घेऊन बसते, बोटं गार पडतात, टायपिंगच्या चुका होतात. आणि उलट दुपारच्या मीटिंगमध्ये इतकी झोप येते की डोळे मिटतात, मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले रात्री झोपत नाहीस का. एरर वाढलेत, अप्रेझल तोंडावर आहे. मी आळशी झालेय का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही गं. डोंबिवलीहून अंधेरीला रोज जाऊन येऊन करणारी बाई आळशी असूच शकत नाही, पहिले ते डोक्यातून काढ.

तुझ्या पत्रात दोन वेगळे आजार आहेत आणि तू ते एकत्र करतेयस. गारठा हा एक. ऑफिसं किती थंड ठेवायची याची जी गणितं वर्षानुवर्षं वापरात आहेत त्यांच्या पोटात एक ठरावीक माणूस आहे, चाळिशीचा, ७० किलोचा पुरुष. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की बायकांचं शरीर बसून काम करताना त्यापेक्षा कमी उष्णता तयार करतं, म्हणून त्याच खोलीत तो शर्टाच्या बाह्या वर करतो आणि तू शाल पांघरतेस. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे नवीन रूम एसी चालू केल्यावर २४ वरच सुरू व्हायला हवेत असा नियम आहे, १८ वर कुणीतरी बोट दाबून आणतं. सहसा ज्याची सीट एसीपासून सगळ्यात लांब असते तो.

झोपेचं कारण दुसरं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, आतलीच हवा गार करून परत फिरवतो, हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं. दार लावून आठ-दहा जण तासभर बसले की प्रत्येकाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथेच साठतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाखात ४२० च्या आसपास, छोट्या बंद मीटिंग रूममध्ये तासाभरात दीड हजाराच्या वर सहज जातो, आणि मग जडपणा, जांभया, डोकं धरणं सुरू. त्यात जेवण झालेलं. मॅनेजरना पण येत असणार झोप, ते बोलत असतात म्हणून जागे राहतात एवढंच.

आता करायचं काय. 'मला थंडी वाजते' असं बोलू नकोस, ते तुझं वैयक्तिक दुखणं होऊन बसतं आणि स्वेटर घाल असा सल्ला मिळतो. तुमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक एंट्रीची वेळ असते. एक आठवडा तुझे एरर कोणत्या तासाला झाले ते काढ, शेजारच्या दोघी-तिघींचे पण काढ, एसीखालच्या आणि लांबच्या. तो कागद घेऊन जा आणि तीनच गोष्टी माग, एसी २४ वर आणि वर पंखा, तुझ्या डोक्यावरच्या झडपेला हवा वळवणारी पट्टी, आणि मीटिंगमध्ये दर अर्ध्या तासानं दार सताड उघडणं. चार-पाच माणसं जाता-येताना दार उघडं राहिलं तरी हवा बदलते, बघ.

सगळ्यांसमोर बोलले ते मात्र चुकलंच त्यांचं. ते एकट्यात, शांतपणे सांग, अप्रेझलच्या आधी सांग.

प्रश्न: लोअर परळला १४ जणांची टीम सांभाळतो. साडेनऊची वेळ, तीन लेट मार्कला हाफ डे कापतो, तरी पाच जण रोज उशिरा येतात. जे वेळेवर येतात तेसुद्धा साडेदहापर्यंत चहा घेऊन नुसते बसलेले. शिस्त कशी लावू? – मॅनेजर, मुलुंड

उत्तर: सर, तुम्ही मुलुंडला राहता, म्हणजे तुम्हाला ठाणे लोकल आहे, स्लो आहे, काही चुकलं तर पाच मिनिटांत दुसरी. माझी एक चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एकाला मेमो दिला होता, महिन्यात ११ लेट मार्क. फार तडफदार होते मी तेव्हा. मेमो देऊन झाल्यावर मस्टर चाळताना दिसलं की ज्या तारखेपासून तो उशिरा यायला लागला त्याच तारखेपासून आसनगाव, वाशिंद, कसारा पत्ता असलेले आणखी तिघं पण दहा-बारा मिनिटं उशिरा आहेत. टाइमटेबल बदललं होतं हो. त्यांची गाडी पुढे सरकली होती, आणि कसाऱ्याची आधीची गाडी पकडायची तर तासभर आधी घरातून निघायचं. मेमो परत घेतला, पण तो माणूस माझ्याशी नंतर कधी मोकळा बोलला नाही.

तर तुमचे पाच जण राहतात कुठे ते आधी बघा. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर आहे, सकाळी तासा-दीड तासाचा प्रवास, तोही उभ्यानं, एका पायावर, दुसऱ्याची बॅग छातीशी. तो माणूस नऊ पंचवीसला थंब लावून जागेवर बसला म्हणजे लगेच कामाला लागला असं तुम्हाला वाटतं पण त्याला माणसात यायला अर्धा तास लागतो, तो चहा त्याचसाठी आहे. त्यावर चिडू नका, उलट तो चहा दहा वाजेपर्यंत ऑफिसचा चहा म्हणून जाहीर करून टाका आणि महत्त्वाचं काही असेल ते त्यानंतर घ्या.

२०२३ मध्ये मध्य रेल्वेनं गर्दी फोडायला स्वतःच्या मुख्यालयातल्या लोकांना दोन वेगवेगळ्या वेळा दिल्या आणि शहरातल्या इतर ऑफिसांनाही तसं करायची विनंती केली. रेल्वेच जर म्हणतेय की साडेनऊला सगळे एकदम येऊ नका तर आपण कशाला हट्ट करायचा? साडेआठ ते साडेदहामध्ये कधीही या, ठरलेले तास भरा, साडेदहा ते साडेचार सगळे हजर, एवढंच ठेवून बघा तीन महिने. त्यातूनही जो रोज साडेदहा चुकवेल तो तुमचा खरा लेटकमर, त्याला बोलवा. पाचातला एक निघेल असा माझा अंदाज, आणि तो बहुतेक दादरला राहणारा असेल. जवळ राहणारेच उशिरा येतात, जुना अनुभव आहे.

आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं त्या दिवशी लेट मार्क लावणार असाल तर मग माझ्याकडे सल्ला मागूच नका.

प्रश्न: दादरला साड्यांच्या दुकानात आहे. सकाळी दहा ते रात्री साडेआठ उभं. बसलं की शेठ ओरडतात, कस्टमरला आळशी वाटतं म्हणे. संध्याकाळी पाय सुजतात, मग माझंच गिऱ्हाइकाशी बोलणं तुटक होतं हे मला कळतं. नवरात्र ते दिवाळी तर विचारू नका. – सेल्सगर्ल, परळ

उत्तर: ताई, गंमत बघा, दादरचीच जुनी दुकानं, पांढऱ्या गादीवर शेठ बसलेले, विकणारे बसलेले, गिऱ्हाईक पण बसलेलं, आणि समोर साड्यांचा ढीग. बसून विकल्या म्हणून पैठण्या कमी खपल्या असं कधी ऐकलंय? उभं राहायची ही फॅशन काउंटर आणि काचा आल्यावरची.

उभ्यानं काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा टेकायला बसायची सोय हवी, हे कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात ४४ व्या कलमात होतंच. दुकानांत मात्र बायकांनाच भांडावं लागलं, केरळात कापड दुकानातल्या बायकांनी ते लावून धरलं आणि २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला, तामिळनाडूत २०२१ मध्ये. शेठना कायदा दाखवून सुरुवात करू नका, दाराबाहेर काढतील. त्यांना उंच स्टूल सुचवा, काउंटरच्या उंचीचं, त्यावर टेकलं तरी गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर डोळे येतात आणि बसल्यासारखं दिसत नाही. एका काउंटरला एकच मागा आधी, आळीपाळीनं. तुमच्यातली जी सगळ्यात जास्त विक्री करते ना, तिला बोलायला पुढे करा, तिचं शेठ ऐकतील.

तोवर सपाट पातळ चप्पल सोडा, आणि दुपारी जेवताना दहा मिनिटं पाय दुसऱ्या स्टुलावर. लाज नका बाळगू.

प्रश्न: आमचे वडील गिरणीत होते. पंखा नाही, एसी नाही, तरी तीस वर्षं एक दिवस तक्रार नाही. आजच्या पोरांना खुर्ची नीट नाही म्हणून पाठ दुखते. तुमच्या सदरामुळे लोक आणखी नाजूक होतायत असं वाटत नाही का? – निवृत्त वाचक, काळाचौकी

उत्तर: काका, रागावू नका, पण तक्रार केली होती हो, तुमच्या-माझ्या वडिलांच्याही कितीतरी आधी. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. मागण्या काय होत्या तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पंधरा तारखेपर्यंत. सहा वर्षं लागली, १० जून १८९० पासून रविवार मिळाला. आज रविवारी दुपारी जेवून आडवं पडायला मिळतं ते त्या तक्रारीमुळे, तेव्हाही कुणीतरी म्हटलंच असेल की माणसं नाजूक झालीत.

आणि मालकांनाही कळत होतं बरं का. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, तिथे हवेत ओलावा राखायची यंत्रं आणि आगीसाठी स्प्रिंकलर फार लवकर बसवले होते. बाकी बहुतेक ठिकाणी ओलावा सुतासाठी, माणसासाठी नाही. सूत कोरडं झालं की तुटतं म्हणून साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालायचे तिथे, वाफ सोडायची आणि खिडक्या बंद.

आमचे अण्णा साचेखात्यातच होते, परळला. आवाज एवढा की शेजारच्या साच्यावरच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे आणि हातानं खुणा. आज आठ तास सतत ८५ डेसिबलच्या वर आवाज नको म्हणतात, शटलचे साचे त्याच्या बरेच वर. अण्णा घरी जेवताना मीठ मागायचे तर खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला यायच्या, काय झालं, भांडण का? आम्ही समजायचो अण्णा रागीट आहेत. मी नोकरीला लागल्यावर, कानाची तपासणी म्हणजे काय ते पहिल्यांदा बघितल्यावर लक्षात आलं की त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. तक्रार त्यांनीही नाही केली कधी. तुमच्या वडिलांना नीट ऐकू यायचं का, काका? मनापासून विचारतेय.

प्रश्न: आमच्या ऑफिसमध्ये खर्च वाचवायला साहेबांनी चहावाला बंद केला, त्या पैशात प्रत्येक भिंतीवर प्रेरणादायी वाक्यं आणि दोन जास्तीचे कॅमेरे लावले. काम वाढेल का? – चौघी जणी, बेलापूर

उत्तर: वाढेल, आठवडाभर. शिकागोजवळ हॉथॉर्न नावाच्या कारखान्यात १९२४ पासून उजेडाचे प्रयोग झाले होते. उजेड वाढवला काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, सगळे चक्रावले. नंतर टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या मुलींना वेगळ्या खोलीत बसवून वर्षानुवर्षं बघत होते. त्यावरून लोक सांगतात की माणसावर लक्ष ठेवलं की काम वाढतं, आणि कॅमेरे विकणारे तर हे फारच सांगतात. पण त्या मुलींना मधली विश्रांती मिळत होती, त्यांना विचारून बदल करत होते, पगाराची पद्धत पण बदलली होती, हे कुणी सांगत नाही, आणि पुढे त्या आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा गोष्ट सांगतात तितकी सरळ राहिली नाही.

चहाचा हिशोब मात्र सरळ आहे. चहावाला जागेवर यायचा तेव्हा पाच मिनिटं जायची. आता तुम्ही चौघी लिफ्टनं खाली टपरीवर जाणार, लिफ्टची वाट, कटिंग, परत लिफ्ट, वीस मिनिटं, दिवसातनं दोनदा. कॅमेऱ्यात ते छान दिसेल, रिकाम्या खुर्च्या. ते रेकॉर्डिंगच साहेबांना दाखवा.

पुढच्या महिन्यात नाइट शिफ्टची पत्रं घेते, चार आलीत, त्यातलं एक हॉस्पिटलच्या नर्सताईंचं आहे. लिहिताना कृपा करून एवढं लिहीत जा की तुमची जागा कोणत्या मजल्यावर, खिडकी कुठल्या बाजूला, आणि त्रास घड्याळात किती वाजता सुरू होतो. 'बॉस चांगला नाही' एवढ्यावरून मला काही कळत नाही.